हळद पायाला लागते

चेहऱ्यावर सुया टोचण्याचे काम मी उतारवयात शिकलो. त्याआधीचे सगळे आयुष्य वसई रोडच्या दवाखान्यात नायटा, खरूज, इसब आणि चिखल्या यांत गेले. हे रोग प्रामाणिक असतात. खाजते म्हणून माणूस येतो, खाज थांबली की जातो. सुरकुतीचे तसे नाही. ती खाजत नाही, दुखत नाही. तिच्यासाठी आलेला माणूस नेमके काय बरे करून घ्यायला आला आहे, हे त्याला विचारावे लागते, आणि त्याचे पहिले उत्तर बहुधा खरे नसते.

आता दवाखाना माझी भाची चालवते. तीही त्वचेचीच डॉक्टर आहे. यंत्र तिनेच आणले. मी विरोध केला. तिने ऐकून घेतले आणि यंत्र आणले. ज्या यंत्राचे मला काही कळत नाही ते माझ्या दवाखान्यात राहणार नाही, एवढे मी सांगितले, आणि म्हणून शिकलो. काही वर्षे ते चालवले. आता हात पूर्वीसारखा स्थिर राहत नाही, म्हणून थांबलो. कंटाळा येतो का, असे लोक विचारतात. येत नाही. दुसऱ्याचा चेहरा हाताखाली असताना जो श्वास रोखला जातो, तो आता सोडता येतो.

खाली जी हकिगत येते तिच्यातली नावे आणि काही नाती मी बदलली आहेत. जिची हकिगत आहे तिने मजकूर वाचून संमती दिली. तिने एक वाक्य खोडले. ते येथे नाही.

यंत्राचे नाव लांबलचक आहे: रेडिओफ्रीक्वेन्सी मायक्रोनीडलिंग. काम सांगायला सोपे. हातात धरायच्या दांड्याच्या टोकाला केसाइतक्या बारीक सुयांचा चौकोनी संच असतो. तो गालावर टेकवला की सुया ठरवलेल्या खोलीपर्यंत आत जातात, त्यांच्या टोकाशी क्षणभर उष्णता निर्माण होते आणि त्या बाहेर येतात. मग शेजारची जागा. कातडीच्या आतल्या थराला वाटते की आपल्याला इजा झाली. तो दुरुस्तीला लागतो, नवे तंतू विणतो, आणि काही महिन्यांत वरची सैल कातडी थोडी ताठ होते. थोडी. हा शब्द मी प्रत्येकाला दोनदा ऐकवत असे. सैल झालेल्या बाजेचे सुंभ आवळावे, तितकेच हे काम. बाज नवी होत नाही.

आधी भूल देणारे मलम लावून बराच वेळ बसवायचे. पेसमेकर असलेला माणूस, गरोदर स्त्री, तोंडावर पुरळ किंवा नागीण उठलेली व्यक्ती, जखमेचा वण फुगण्याची प्रवृत्ती असलेला, यांना हात लावायचा नाही. नंतर चेहरा लाल होतो, थोडा सुजतो, आणि निरखून पाहिले तर गालावर बारीक ठिपक्यांच्या सरळ ओळी दिसतात. दोन-तीन दिवसांत त्या जातात. तोवर ऊन नको, पावडर नको, घरगुती लेप तर मुळीच नको. कातडीला असंख्य सूक्ष्म दारे पडलेली असतात. ती मिटेपर्यंत वर जे लावाल ते आत जाते. आपल्या सावळ्या कातडीचा स्वभाव असा, की ती चिडली तर काळा डाग मागे ठेवते. तो डाग जायला महिनोन्महिने लागतात, आणि कधी कधी तो जातच नाही.

हे सारे समजावून सांगितले तरी माणसे आपल्याच हिशेबाने येतात. राजोडीला समुद्राजवळ शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना खोल्या देणारे एक गृहस्थ आले. उन्हाने चेहरा सुकलेला.

"डॉक्टर, पयलं अर्धं तोंड करा," ते म्हणाले. "फरक पडला तर उरलेलं."

"अर्धे तोंड होत नाही."

"का नाय? रंगारी पन एक भिंत करून दाखवतो."

"मग रंगाऱ्याकडे जा."

ते गेले. पुढच्या आठवड्यात परत आले आणि पूर्ण तोंड करून घेतले. काही महिन्यांनी मी विचारले, फरक दिसतो का. म्हणाले, "मला नाय दिसत. बायको बोलते दिसतो. म्हनजे पडला." या विषयात यापेक्षा नेमके मोजमाप मला मिळालेले नाही.

गळ्यातले, कानातले, धातूचे सगळे काढून ठेवायचे, हा माझा नियम. सांडोरच्या एक निवृत्त शिक्षिका गळ्यातली क्रुसाची साखळी काढायला तयार होईनात. "दुखलं तर धरू काय?" त्यांनी विचारले. प्रश्न रास्त होता. आमच्या फिलोमिना सिस्टर त्यांच्याच गावच्या. त्या म्हणाल्या, "टीचर, घरी लाकडी मण्यांची रोझरी आहे ना? ती आणा. प्रार्थनाही होईल आणि डॉक्टरांची बोलणीही बसणार नाहीत." टीचरनी रोझरी आणली. सबंध वेळ ओठ हलत होते. माझ्या कुठल्याही रुग्णाने इतक्या शांतपणे सुया सोसल्या नाहीत.

मंगळसूत्राचा प्रश्न हिंदू बायका स्वतःच सोडवून येत. गळा रिकामा नको म्हणून पिवळ्या दोऱ्यात हळकुंड बांधत. त्याला माझी हरकत नव्हती. हळकुंड अखंड असते तोवर निरुपद्रवी असते. ते कुटल्यावर काय प्रसंग येतो, ते आता सांगतो.

कुमुदताई उमेळ्याच्या. वय पंचावन्नच्या आसपास. घरची वाडी: केळी, भाजी, थोडी फुले. वाडीच्या तीन बाजूंना आता इमारती उभ्या आहेत, तरी चौथ्या बाजूने ऊन येते तेवढे पुरते. तिने सारा जन्म त्या उन्हात काम केले होते आणि ते गालांवर लिहिलेले होते. ओढणी तोंडाभोवती गुंडाळून ती दवाखान्यात आली.

"काय त्रास आहे?"

"त्रास असा काही नाही."

"मग?"

"गाल उतरलेत."

"कधीपासून?"

"साखरपुड्यापासून."

गाल एका दिवसात उतरत नाहीत, असे मी म्हणालो. तेव्हा तिने सांगितले. मुलाच्या साखरपुड्याला ती आणि तिची सासू शेजारी बसल्या होत्या. मुलीकडची एक मावशी ओळख करून घ्यायला आली, दोघींकडे पाहिले आणि म्हणाली, "यातल्या थोरल्या आजी कोणत्या?" सगळे हसले. कुमुदताईही हसल्या.

"तुमच्या मावशीबाईंवर माझ्याकडे औषध नाही," मी म्हणालो. "गालांवर आहे. तेही थोडे."

"थोडं चालेल. पण घरी कुणाला कळता कामा नये. यांनासुद्धा नाही."

"का?"

"नणंद आहे."

सिस्टरांनी मान हलवली. त्यांना पुढचे विचारायची गरज वाटली नाही.

लग्नाला काही महिने होते. मी तारखेपासून मागे मोजून बैठका ठरवल्या. शेवटची बैठक लग्नाच्या पुष्कळ आधी संपत होती. पहिल्या बैठकीला घरी "दाढ दाखवायला जाते" असे सांगून ती आली. चेहऱ्याची लाली उतरेपर्यंत तोंडाला रुमाल धरून वावरली. कुणाला शंका आली नाही. दुसऱ्या बैठकीला, घरच्यांच्या लेखी, तिने दाढ काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला.

"डॉक्टर, आज हळद आहे."

"लग्नाला अवकाश आहे."

"लग्नाची नाही. कुटायची."

मी साताऱ्याकडचा. वसईत आयुष्य गेले तरी इथल्या प्रत्येक घराची रीत मला ठाऊक नाही. तिने सांगितली. त्यांच्या भावकीत मुहूर्ताच्या दिवशी सुवासिनी मिळून उखळात हळद कुटतात. त्या हळदीची पहिली बोटे थोरल्या सुवासिनीने वरमाईच्या, मुलीचे लग्न असेल तर मुलीच्या आईच्या, दोन्ही गालांना लावायची. ती लागली की लग्न सुरू झाले असे धरतात. हा मुहूर्त आणखी दोन आठवड्यांनी होता. पण तिचे चुलत सासरे गोविंदकाका रात्रीपासून इस्पितळात होते आणि डॉक्टर काही खात्रीचे बोलत नव्हते. काका गेले तर सुतक. सुतकात हळद नाही, आणि हळद नाही तर लग्न नाही. पुढे चातुर्मास. मुलीचा भाऊ जहाजावर नोकरीला. तो पुन्हा केव्हा घरी येईल ते सांगता येत नव्हते. मात्र एकदा वरमाईला हळद लागली की मागाहून आलेले सुतक आड येत नाही, अशी त्यांच्याकडे समजूत आहे. म्हणून सासूने सकाळी ठरवले: मुहूर्त आज दुपारी.

"चेहऱ्याला लावून घेऊ नका," मी म्हणालो.

"असं कसं डॉक्टर? मी वरमाय आहे."

"काल सुया टोचल्या आहेत. हळद वाडीतली, उखळातली, दहा जणींच्या हातांतली. आत गेली तर गाल पिकतील, डाग राहतील. लग्नातही दिसतील, नंतरही."

"मग मी सांगू काय?"

"खरे सांगा."

"काका तिकडे शेवटच्या घटका मोजतायत आणि वरमाय तोंड नवं करायला गेली होती, हे शालूताई माझ्या नातवंडांच्या लग्नापर्यंत सांगतील," ती म्हणाली. "आणि गालाला हळद लावून घेतली नाही म्हणून काही वाईट झालं, तर तेही माझ्याच नावावर."

शालूताई म्हणजे ती नणंद. नवऱ्याची थोरली बहीण, आणि त्या घरातली थोरली सुवासिनी. पहिली बोटे तिचीच.

मी फोन ठेवला आणि स्कूटरची किल्ली घेतली.

"कुठे?" सिस्टरांनी विचारले.

"उमेळ्याला. आजींचे पाय पाहायला."

"त्यांनी बोलावलं?"

"नाही."

"डॉक्टर, तुम्ही जन्मात कधी कुणाकडे न बोलावता गेला नाहीत."

"म्हणून तर कुणाला संशय येणार नाही."

"सगळ्यांना येईल," सिस्टर म्हणाल्या, आणि माझी बॅग आणून दिली.

आजी म्हणजे कुमुदताईंची सासू. ती माझी फार जुनी रुग्ण. वाडीच्या पाटात अनवाणी उभे राहून तिच्या पायांच्या बेचक्यांत चिखल्या होत. मी मलम देत असे आणि पाय कोरडे ठेवायला सांगत असे. ती मलम लावत असे आणि पाण्यात उभी राहत असे. असे आमचे बरीच वर्षे चालले. अखेर गुडघे थकले, पाटात उतरणे थांबले आणि पाय बरे झाले. त्यात माझे श्रेय फारसे नाही.

मी पोचलो तेव्हा अंगणात छोटा मांडव घालून झाला होता. आंब्याची पाने बांधलेली दोन मुसळे उखळात आळीपाळीने पडत होती आणि बायका एका सुरात गात होत्या. एक फोटोवाला उखळाभोवती फिरत होता. आजी ओट्यावर खुर्चीत. कुमुदताई समोर पाटावर, नवे लुगडे, पदर गालांवर ओढून धरलेला. तिने मला पाहिले आणि लगेच खाली पाहिले.

शालूताई वाटीत हळद कालवत होत्या. आवाज मुसळांच्या वर जात होता.

"दाढ काढून आलीय बाई कालच. मुहूर्त बघून काढली! तोंड बघा कसं सुजलंय. आता हळद अशी जाड लावते, सगळी सूज उतरेल."

"ताई, थोडी लावा. दुखतं," कुमुदताई म्हणाल्या.

"हळदीनं दुखतं? हळदीनं दुखणं जातं गं. सासू व्हायच्या आधीच किती नाजूक झाली बघा."

बायका हसल्या. तेवढ्यात आजीला मी दिसलो.

"डॉक्टर! तुम्ही? आज?"

"पाय पाहायला आलो."

"आईच्या पायालापण आजचाच मुहूर्त निघाला वाटतं," शालूताई म्हणाल्या. पुन्हा हशा झाला. मी स्टूल ओढून आजीसमोर बसलो आणि तिचा पाय हातात घेतला. एकेक बेचके उघडून पाहिले. वेळ काढण्यासाठी दुसऱ्यांदा पाहिले.

आजी खाली वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, "पाय केव्हाचे बरे झालेत. तुम्हीच सांगितलं होतं."

"हो."

"मग काय बघताय?"

मी पुन्हा पहिले बेचके उघडले. तिने वाटीकडे पाहिले. "हळद घरची आहे. वाडीतली. भेसळ नाही तिच्यात."

"हळद चांगली आहे."

"मग वाईट कुणाला आहे?"

"ते मी सांगू शकत नाही. एकाचे दुखणे दुसऱ्याला सांगत नाही. तुमचेही कधी कुणाला सांगितले नाही."

माझी परिस्थिती सांगतो. एका बाजूला कुमुदताईंचे गाल होते, दुसऱ्या बाजूला तिची झाकलेली गोष्ट. दोन्ही राखायला मी आलो होतो आणि एकाचाही उपाय माझ्याजवळ नव्हता. गप्प राहिलो तर गाल जात होते. बोललो तर आयुष्यभर पाळलेला नियम जात होता, आणि तोही भर मांडवात. मांडव नसता तर मी तिला बाजूला घेऊन ओरडलो असतो. हळदीच्या अंगणात ओरडायची सोय नसते.

मुसळे थांबली. शालूताई वाटी घेऊन पाटासमोर बसल्या. फोटोवाला म्हणाला, "वरमाय, पदर जरा मागे घ्या. गाल दिसले पाहिजेत." कुमुदताईंनी पदर सोडला नाही. फोटोवाल्यानेच पुढे होऊन तो सारला. मांडवाच्या कापडातून आलेले ऊन तिच्या गालावर पडले. ठिपक्यांच्या सरळ ओळी मला ओट्यावरून दिसल्या. मला त्या दिसणारच. त्या मीच काढल्या होत्या. पण माझ्या हातातला आजीचा पाय एकदम ताठ झाला.

शालूताईंची बोटे वाटीत बुडाली. मी उठायच्या बेतात होतो.

"शालू, थांब," आजी म्हणाली.

"काय?"

"पायाला लाव."

"काय पायाला?"

"हळद. वरमाईच्या पायाला लावतात."

शालूताईंची हळद भरलेली बोटे हवेत तशीच राहिली.

"आई, माझ्या लग्नात तुझ्या गालाला लावली होती. माझ्या डोळ्यांदेखत."

"तुझ्या लग्नात तू रडत होतीस. तुला काय दिसलं? गालाला लावायचं हे या फोटोवाल्यांनी काढलं. जुनी रीत पायाची."

फोटोवाला दोन पावले मागे सरकला. त्याने काही काढले नव्हते, पण वाद घालायचे धैर्य त्याला झाले नाही.

"मी मोठी नणंद," शालूताई म्हणाल्या. "मी हिच्या पायाला हात लावू?"

"हिच्या नाही. वरमाईच्या. लवकर लाव. इस्पितळातून फोन आला तर बस मग गाल धरून."

या वाक्यावर कुणाचे काही चालणार नव्हते. शालूताई वाकल्या. कुमुदताईंनी पाय मागे घेतले. आजी म्हणाली, "पुढे कर." तिने ते पुढे केले. शालूताईंनी दोन्ही पायांवर पाच-पाच बोटे उठवली, नंतर सरळ झाल्या आणि म्हणाल्या, "टाचा किती भेगाळल्यात! जरा काळजी घे गं अंगाची." बायका जोरात हसल्या. कुमुदताईही हसल्या, त्यांचे डोळे भरले होते, पण अशा वेळी वरमाईचे डोळे भरलेलेच असतात. कुणाला त्यात विशेष वाटले नाही.

बायका एकमेकींना हळद माखू लागल्या. "वरमाईला लागून झाली. तिला आता कुणी शिवायचं नाही," असे आजीने बसल्या जागेवरून बजावले आणि ते तसेच पाळले गेले.

मग फोन वाजला.

तो मांडवाच्या कडेला उभ्या असलेल्या कुमुदताईंच्या नवऱ्याच्या खिशात होता. हसणे थांबले. आत गेलेल्या बायकाही दारात येऊन उभ्या राहिल्या. नवऱ्याने ऐकून घेतले, दोनदा "हं" म्हटले आणि फोन खाली केला.

"काकांनी पेज मागितली," ते म्हणाले. "बरोबर लोणचं हवंय म्हणतात."

"मेल्याला लोणचं सुचतंय!" आजी म्हणाली. गोविंदकाका तिचा धाकटा दीर. तिने पदराने तोंड पुसले आणि बराच वेळ पदर तिथेच ठेवला.

निघताना ती काठी टेकत माझ्याबरोबर फाटकापर्यंत आली. मी तिला विचारले, पूर्वी खरेच पायाला लावत होते का.

"आता लावतात," ती म्हणाली.

मी स्कूटरला किल्ली लावली. ती जवळ उभी होती.

"साखरपुड्याला त्या बाईनं 'आजी' म्हटलं, त्या रात्री ही जेवली नाही," ती म्हणाली. "भांडी घासत बसली. मी काय बोलणार? मला तर आजी म्हटलेलं खोटं नव्हतं." जरा थांबून तिने विचारले, "बरे होतील ना?"

काय बरे होतील, हे तिने सांगितले नाही. मीही विचारले नाही.

"होतील," मी म्हणालो.

परतताना मी स्कूटर फार सावकाश चालवली. दवाखान्यात सिस्टरांनी विचारले, "कसे आहेत पाय?" "उत्तम," मी म्हणालो, आणि दुपारी उशिरा का होईना, पोटभर जेवलो.

गाल स्वच्छ बरे झाले. लग्नाच्या आदल्या दिवशीच्या मोठ्या हळदीपर्यंत कातडी पूर्ववत झाली होती. तरी आजीची आज्ञा कायम राहिली आणि वरमाईच्या चेहऱ्याला कुणी हात लावला नाही. लग्नाला मी गेलो, या खेपेस बोलावल्यावर. गोविंदकाका पहिल्या रांगेत खुर्चीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला आपल्या दुखण्याची गोष्ट सांगत होते. कुमुदताईंचे गाल थोडे वर आले होते. मला दिसले. इतरांना दिसले की नाही ते माहीत नाही. मुलीकडची ती मावशी आली, आजी आणि कुमुदताईंना वाकून नमस्कार केला, आणि या वेळी तिने काही विचारले नाही. कुमुदताईंना तेवढेच हवे होते.

एक खंत नोंदवतो. नायट्याचा रुग्ण आजही आमच्या बाहेरच्या बाकावर खाजवत थांबतो आणि सुरकुतीचा रुग्ण आतल्या गार खोलीत पडून असतो. ही वाटणी मी केली नाही, पण मला ती बदलताही आली नाही. भाचीला सांगितले आहे. ती "बघते मामा" म्हणाली.

गेल्या वर्षी त्याच नात्यात दुसरे लग्न झाले. शालूताईंच्या मुलाचे. मला हळद कुटायच्या दिवसापासून आमंत्रण होते. पाटावर शालूताई बसल्या होत्या आणि वाटी, माहेरची थोरली सुवासिनी म्हणून, कुमुदताईंच्या हातात होती. नवा फोटोवाला होता. तो म्हणाला, "वरमाय, चेहरा वर करा, गालाला लावतानाचा फोटो घेऊ."

"गालाला नाही," शालूताई म्हणाल्या. "आमच्यात पायाला लावतात. फार जुनी रीत आहे." आणि त्यांनी पाय स्वतःहून पुढे केले.

कुमुदताई वाकल्या. त्यांनी बोटे उठवायला जरा जास्तच वेळ घेतला.

शालूताई त्याआधी माझ्या दवाखान्यात आल्या होत्या किंवा नव्हत्या, हे मी सांगणार नाही. माझ्या शेजारी आजी बसली होती. तिने माझ्याकडे पाहिले नाही. मीही तिच्याकडे पाहिले नाही. आम्ही दोघे रीत पाळून समोर पाहत राहिलो.